गुरुवारची गोळी

“बाई कोणावर अवलंबून आहेत?” नव्या डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं, आणि मोतीरामनं श्वास घेण्याइतकाही वेळ न लावता सांगून टाकलं, “माह्यावर, सायेब.”

शेषराव गुरुजी त्या वेळी दवाखान्याच्या दाराच्या चौकटीला पाठ लावून उभे होते. एका हातात पार्बताबाईंची पिशवी, दुसऱ्या हातात उन्हासाठी आणलेली छत्री. आत टेबलाशी त्यांची बायको बसलेली आणि तिच्या मागे त्यांचा मुलगा, मिलची पाळी गाठायची म्हणून अस्वस्थपणे पाय बदलत उभा. डॉक्टर पुण्याकडचे, नुकतेच अकोल्याला बदलून आलेले, तिशीच्या आतले. आल्या आल्या त्यांनी एकेका रोग्याची नव्यानं चौकशी सुरू केली होती. प्रश्न साधा होता, उत्तरही साधं होतं. डॉक्टरांनी नुसती मान डोलावली, नळी कानाला लावली आणि पार्बताबाईंना दीर्घ श्वास घ्यायला सांगितलं. तिनं तो घेतला. तिनं एकदा तरी मागे वळून पाहायला हवं होतं, असं गुरुजींना वाटलं. पाहिलं असतं तर आपण चेहरा कसा ठेवला असता, हे त्यांना सांगता आलं नसतं. पण ती वळली नाही, एवढं त्यांनी नीट टिपून ठेवलं. वर्गात पाठ करून उभं राहून फळ्यावर लिहितानासुद्धा कोणत्या पोराची मान कुठं वळली हे ज्याला कळायचं, त्या माणसाच्या नजरेतून न वळलेली मान सुटणार नव्हती.

अवलंबून. हा शब्द त्यांनी किती वर्षं शिकवला होता. वाक्यात उपयोग करा, म्हटलं की पोरं ठरलेलं लिहायची, वेल झाडावर अवलंबून असते. एखादा चुणचुणीत पोरगा लिहायचा, आमची म्हैस वैरणीवर अवलंबून आहे, आणि वर्ग हसायचा. गुरुजी मात्र त्यालाच शाबासकी द्यायचे, कारण ते वाक्य त्यानं घरून आणलेलं असायचं, पुस्तकातून नाही. आता त्यांच्यापुढं वाक्य आलं होतं, तेही घरचंच. पार्बताबाई मोतीरामवर अवलंबून आहे. कर्ता, क्रियापद, सगळं जागच्या जागी. त्या वाक्यात शेषराव कुठं बसतो, हे त्यांनी मनातल्या मनात शोधून पाहिलं, आणि तो कुठंच बसत नव्हता. वाक्य त्याच्यावाचून पुरं होत होतं.

मोतीराम चप्पल फरफटवत धावतच मिलकडे गेला. जाताना “बाबा, मायले घेऊन या सवडीनं” म्हणून गेला. पण पार्बताबाईंना घेऊन जावं लागेल असं काही दिसत नव्हतं. ती आपण होऊन उठली, पदर सारखा केला आणि पलीकडच्या औषधाच्या खिडकीपाशी, बायांच्या रांगेत जाऊन उभी राहिली, आणि उभी राहिली म्हणण्यापेक्षा मिसळली. मिलच्या कामगारांच्या आया, बायका, सुना, कडेवर पोरं, हातात रिकाम्या बाटल्या. कोणी तिला पुढं सरकवलं, कोणी तिच्याकडे तान्हं पोर दिलं. आणि मग खिडकीतून एक टक्कल पडलेलं, गोल, हसतमुख डोकं बाहेर आलं.

“आल्या का पार्बताबाई? म्या म्हनलं, आज दांडी मारता का काय.”

“दांडी मारून कुठं जाऊ? गुरुवारी तुमचं थोबाड नाई पाह्यलं तर शुक्रवार निंगत नाई माहा.”

बाया खिदळल्या. तो कंपाउंडर, खुशालराव, सगळ्यांत मोठ्यानं हसला.

“सूज काय म्हनते पायाची?”

“गेली माहेरी. आता वहानाच ढिल्या होऊन राह्यल्या.”

“मंग राहू द्या तिले माहेरीच, आनाले जाऊ नका. हे घ्या. ही पांढरी गोयी सकायी. ही पिवयी एका दिवसाआड, आन् पानी जास्त पेऊ नका.”

“ठाव हाये मले. तुमालेच म्हनून दाखवू का?”

“दाखवा बरं. नाई आलं तर खिडकीबाहेर अंगठे धराले लावतो.”

आणि तिनं म्हणून दाखवलं. पांढरी केव्हा, पिवळी केव्हा, सोबत काय खायचं नाही, छातीत धडधड वाढली तर कोणती थांबवायची. ठसक्यात, मान हलवत, एखाद्या पोरीनं पाहुण्यांपुढं पाठ केलेलं म्हणावं तसं. गुरुजी छत्रीवर भार देऊन ऐकत राहिले. ‘गोयी’ म्हणते अजून. लग्न झाल्यापासून ते तिला सांगत आले होते, गोयी नव्हे, गोळी. शाया नव्हे, शाळा. ळ म्हण, जीभ वर लाव. ती ओठ दाबून हसायची आणि म्हणायची नाही. त्यांनी स्वतःची भाषा घासून-पुसून लख्ख केली होती. ज्या वस्तीतून ते आले होते तिथल्या पोराला मास्तर व्हायचं तर शब्द धुतलेलेच असावे लागत. इन्स्पेक्टर आला की आधी जीभ बघायचा, मग वर्ग. ती मात्र तशीच राहिली. त्याचं त्यांना कधी वाईट वाटलं, कधी वाटलं नाही. पण आज त्या टकल्या माणसानं ‘गोयी’ म्हटलं, हिनंही ‘गोयी’ म्हटलं, आणि तो शब्द खिडकीच्या अल्याड-पल्याड असा ये-जा करायला लागला की जणू दोघांचं गाव एकच आणि गुरुजी तिथं पाहुणे.

“हे कोन, मालक का?” खुशालरावचं लक्ष त्यांच्याकडे गेलं. “जयभीम, गुरुजी! लय आयकलं तुमच्याबद्दल.”

“जयभीम,” गुरुजी म्हणाले. आणि लगेच मनात आलं, काय ऐकलं? केव्हा? किती गुरुवार?

घरी जाताना ती पुढं आणि ते मागं. अमरावतीत दोघं राहत होते तेव्हा नेहमी उलट असायचं. तिथं ती दर विजेच्या खांबापाशी थांबायची, पोटरीला हात लावायची, “जरा दम खाऊ द्या” म्हणायची. ते थांबायचे, घड्याळ पाहायचे, तिला दम पुरला की चालू लागायचे. तिच्या थांबण्याची त्यांना इतकी सवय झाली होती की आता ती थांबेना तेव्हा त्यांचाच पाय अडखळू लागला. जिनिंगच्या भिंतीकडेनं सरकीचा उग्र, तेलकट वास येत होता. हवेत कापसाचे तंतू तरंगत होते, तिच्या केसांवर बसत होते. ती चालत होती. कौंडण्यपूरच्या जत्रेत ती अशीच पुढं चालली होती, फार वर्षांपूर्वी, मोतीरामचा जन्मही झालेला नव्हता. गुरुजींना नोकरी लागलेली नुकती. वर्धेच्या काठावर एका कासारानं तिचा हात हातात घेतला होता, बांगडी चढवायला म्हणून, आणि तिचा पंजा मिटवून, दाबून, इकडून तिकडून वळवून तो तिच्याशी काहीबाही बोलत राहिला. ती लाजून हसत राहिली. बांगडी भरायला इतका वेळ लागतो? गुरुजी नदीकडे तोंड करून उभे होते, पाण्यात खडे मारत. परतताना बैलगाडीत तिनं कौतुकानं हात पुढं केला तेव्हा ते म्हणाले, रंग भडक आहे. ती हिरमुसली. पुढं कित्येक दिवस ती बांगडी किणकिणली की त्यांना कासाराचा अंगठा दिसायचा. ही गोष्ट त्यांनी कोणाला सांगितली नव्हती, आणि तिची आठवण यावी असं कारणही अलीकडे पडलं नव्हतं. आज खुशालरावनं गोळ्या पुडीत बांधून तिच्या हातावर ठेवल्या तेव्हा त्याची बोटं तिच्या तळव्याला लागली होती की नव्हती, हे आठवायचा ते प्रयत्न करत होते. साठी उलटलेली बायको, सत्तरीकडे झुकलेले आपण. आपल्याला लाज वाटायला हवी, असं त्यांना वाटलं. पण नुसतं वाटून काही कमी होत नव्हतं.

मिलच्या चाळीतल्या त्या खोलीत रात्रीच्या पाळीचे शेजारी दिवसा झोपलेले असत, म्हणून सगळे हळू बोलत. सून शकुननं भाकरी वाढली, सोबत अंबाडीची भाजी. दुपारच्या सुट्टीत मोतीराम जेवायला आला तेव्हा गुरुजींनी विचारलंच, अगदी सहज विचारावं तसं, “हे जे औषध मिळतं, ते नक्की कोणत्या नात्यानं मिळतं?”

“अवो बाबा, भीक नोहे ते. माह्या पगारातून कापतात, मिलवाला आपला वाटा भरते, बाकीचं सरकार पाहते. इमा म्हनतात त्याले.”

“विमा.”

“हो, तेच, इमा. आंधी नुसतं कामगारालेच होतं. आता घरच्यायले बी लागू झालं. बायको-लेकरं, आन् माय-बाप बी. पन माय-बाप माह्यापाशी राह्यले पायजेत आन् माह्यावरच असले पायजेत.”

“मामाजीच्या खोकल्याचं बी आनता येईन मंग?” शकुननं सासऱ्यांकडे पाहत चुलीपासूनच विचारलं.

“नाई ना. बाबाले पेन्शन हाये. जो आपल्या पायावर उभा हाये त्याले माह्यावर कसं धरतीन?”

हे तो अभिमानानं बोलला. बापाच्या पायांबद्दल त्याला खरोखरच अभिमान होता. पार्बताबाई म्हणाली, “पन ते खुशालराव ताकदीचं औषध काहून देत नाई म्हनतात मले? सरकारचंच हाये ना सगयं?” मोतीरामला ते सांगता येईना. मग गुरुजींनी शकुनकडून दोन वाट्या आणि एक गडवा मागून घेतला आणि जमिनीवर मांडला. शिकवायची संधी आली की त्यांचा आवाज आपोआप खाली आणि गोड व्हायचा. ही पहिली वाटी म्हणजे दवाखान्यातलं कपाट. यात जे आहे ते डॉक्टरनं लिहिलं की लगेच खिडकीतून मिळतं. ही दुसरी वाटी दूर ठेवली, म्हणजे नागपूरचा मोठा डॉक्टर. कपाटात नसलेलं औषध रोग्याला लागणारच असेल, तर त्याची सही झाल्यावर बाहेरून मागवून देतात, उशीर लागतो, पण मिळतं. आणि हा गडवा म्हणजे ताकदीचं, चवीचं, अंगाला लावायचं सुगंधी. हे औषध नव्हे, खाणंपिणं आहे, ते ज्याचं त्यानं पाहायचं. म्हणून गोळी मिळते, टॉनिक मिळत नाही. समजलं? शकुन म्हणाली, समजलं. मोतीराम म्हणाला, “वा बाबा, इतके दिवस मलेच नाई समजलं होतं.” पार्बताबाई भाकरीचा तुकडा मोडत म्हणाली, “आन् तुमी कोन्त्या वाटीत हा?”

सगळे हसले. तिचा टोमणा नव्हता, ती नेहमीच असं बोलायची. पण गुरुजी वाट्या आणि गडव्याकडे पाहत राहिले. तिन्हींत ते नव्हते. औषध मिळायलासुद्धा माणसानं कोणाचं तरी असावं लागतं.

आणि एके काळी तिच्या औषधाचं सगळं काही गुरुजीच होते. अमरावतीच्या त्या भाड्याच्या खोलीत, कोनाड्यात, तिची बाटली असायची. डॉक्टरकडून मिश्रण आणलं की कागदाची पट्टी घडी घालून, कात्रीनं दाते पाडून, ते बाटलीवर चिकटवायचे. दाता ते दाता एक खेप. घड्याळ हातात धरून ते तिला औषध द्यायचे आणि ती तोंड वर करून, डोळे मिटून घ्यायची, कडू असलं की त्यांच्या मनगटाला धरून. डॉक्टर म्हणाले होते, हृदय ढिलं पडलंय, पंप कमी पाणी उपसतो, म्हणून पाय सुजतात. ही छोटी पांढरी गोळी रोज, न चुकता, जन्मभर. ते त्यांनी तिला पंप आणि विहिरीचं उदाहरण देऊन समजावलं होतं, तिला फार आवडलं होतं. पुढं पुढं महिन्याच्या शेवटी गोळ्या पुरेनात. मग गुरुजी दाढीच्या पात्यानं गोळी बरोबर मधोमध कापू लागले. एकदा चुरा झाला तेव्हा बोटानं टिपून तिच्या जिभेवर ठेवला. ती म्हणाली, “अर्धी गोयी अर्ध्या जिवाले.” ते हसले नाहीत. तिच्या घोट्यावर अंगठा दाबला की खड्डा पडायचा आणि तो भरून यायला वेळ लागायचा. रोज सकाळी ते तो खड्डा पाहायचे. एके दिवशी मोतीराम आला, त्यानं तो खड्डा पाहिला, बापाला एक शब्द न बोलता आईची ट्रंक उचलली आणि बडनेऱ्याला गाडीत बसवून तिला अकोल्याला घेऊन आला. “पाय उतरले की आनून सोडतो,” म्हणाला. पाय उतरले. गुरुजी तिला न्यायला आले होते. अंबाडीची भाजी खायला नव्हते आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शकुन नळावर गेलेली असताना त्यांनी पार्बताबाईंना म्हटलं, “पाय दाखव.” तिनं लुगडं किंचित वर केलं. त्यांनी गुडघ्यावर बसून घोट्याच्या वर अंगठा दाबला, धरून ठेवला, उचलला. खड्डा पडला नाही. कातडी लगेच वर आली, सुरकुतलेली, कोरडी, आपली आपण. त्यांनी दुसरा पाय दाबला. तिथंही नाही. आणि अंगठा तिथंच ठेवून बसलेले असताना त्यांच्या लक्षात आलं, की खड्डा नाही म्हणून आपल्याला जे वाटलं तो आनंद नव्हता. काहीतरी हरवलं म्हणून वाटतं तसं ते होतं. एवढीशी जागा होती आपली, अंगठ्याएवढी, आणि ती पण भरून आली. ते घाईनं उठले.

“काय झालं?” ती म्हणाली. “बरे हायेत ना पाय?”

“बरे आहेत. अमरावतीला कधी निघायचं?”

तिनं लुगडं खाली सारलं. बाहेर कोणाची तरी कोंबडी करकरत होती.

“जाऊ ना,” ती म्हणाली. “म्या कुठं नाई म्हनते? पन तिथं गोयीचं काय?”

“मी पाहीन.”

“पात्यानं?”

हाही टोमणा नव्हता. तिनं खरंच विचारलं होतं. गुरुजींना तो टोमणा असता तर बरा वाटला असता. मग ती म्हणाली, “तुमीच राहा ना इथं. मोतीराम म्हनूनच राह्यला. सांजच्या वक्ती पोराईले शिकवा, इथं चायीत किती पोरं उंडारून राह्यले.” ते म्हणाले, “मी? मुलाच्या दारात?” ती म्हणाली, “मी नाई का हाये?” “तुझं वेगळं.” “काहून वेगयं?” उत्तर होतं, पण ते तोंडात धरून ठेवावं असं होतं, तिच्या पांढऱ्या गोळीसारखं, चावायचं नाही असं.

तो आठवडा त्यांनी खोलीच्या खिडकीजवळ बसून काढला. ती चाळीत कोणाकडे जाते, कोणाशी बोलते, कशावर हसते, हे कान देऊन ऐकत. ती खुशालरावचं नाव घ्यायची, पुष्कळदा, अगदी निर्मळपणे. खुशालराव म्हनतात मीठ कमी खा. खुशालरावची बायको मेली, आन् त्यायच्या लेकीच्या घरी त्यायले कोनी विचारत नाई. खुशालराव तेल्हाऱ्याचे, त्यायच्याइकडे आपल्यासारखीच बोली. त्यांना खुशालरावचा राग येईना. राग आला असता तर सोपं झालं असतं. तो एक साधा, एकटा, बोलका माणूस होता आणि त्याच्याकडे कपाट होतं. त्यांना हेवा त्या कपाटाचा वाटत होता. ज्याच्या हातात गोळी, त्याच्याकडे ती तोंड वर करून पाहते. एका दुपारी ते झोपले आहेत असं समजून ती पुडी उघडून गोळ्यांकडे पाहत बसली होती, बोटानं सरकवत, सागरगोट्यांशी खेळताना पोरगी बघते तशी. तिच्या चेहऱ्यावर लोभ नव्हता, भीती नव्हती. ‘हे माहं हाये,’ असं काहीतरी होतं. जन्मात तिला असं, कोणाला न विचारता, स्वतःचं म्हणून, काय मिळालं होतं? हा प्रश्न त्यांच्या मनात उभा राहिला आणि त्यांनी तो बसवून टाकला.

गुरुवारी मोतीरामची पाळी सकाळची होती, म्हणून गुरुजी तिच्यासोबत गेले. रांग मोठी होती. नव्या डॉक्टरांचं टेबल आता वऱ्हांड्यात, औषधाच्या खिडकीला लागूनच आणलं होतं. रोग्याचं बोलणं सगळ्या रांगेला ऐकू यायचं. पार्बताबाई स्टुलावर बसली. डॉक्टरांनी छाती तपासली, समाधानानं मान हलवली आणि मग त्यांची नजर गुरुजींवर गेली.

“तुम्ही यांचे कोण?”

“पती.”

“अच्छा,” डॉक्टर थबकले. “मागच्या वेळी मुलगा आला होता. तो म्हणाला, आई माझ्यावर अवलंबून आहे. मला वाटलं, वडील नसतील.”

वडील नसतील. रांगेत कोणीतरी खोकलं. खिडकीत खुशालराव बाटली हलवायचा थांबला होता आणि त्याचं ते गोल डोकं बाहेर आलं होतं, ऐकायला. गुरुजी ताठ उभे राहिले. इन्स्पेक्टरपुढं उभे राहायचे तसे. आणि धुतलेल्या, इस्त्री केलेल्या, एकही अक्षर न घसरणाऱ्या भाषेत म्हणाले, “मी सेवानिवृत्त शिक्षक आहे. माझी पत्नी माझ्यावर अवलंबून आहे.”

बोलून झाल्यावर फार बरं वाटलं. पुष्कळ दिवस वाकून बसलेलं काहीतरी आतून सरळ झाल्यासारखं. ते क्षणभरच टिकलं.

“मग आजोबा, अडचण आहे,” डॉक्टर म्हणाले. ते कठोर नव्हते. त्यांना खरोखर अवघड झालं होतं. “हा विमा मुलाच्या नावावर आहे. बाईंचं सगळं तुम्ही पाहत असाल, तर मला यांना इथून औषध देता येत नाही. तुम्ही म्हणता तेच खरं ना? नीट सांगा.”

गुरुजींनी पार्बताबाईंकडे पाहिलं. ती त्यांच्याकडे पाहत होती, या वेळी पूर्ण वळून. तिच्या डोळ्यांत राग असेल असं त्यांना वाटलं होतं. तिथं फक्त घाई होती, दूध उतू जाताना बाई धावते तशी.

“सायेब,” ती म्हणाली, “त्यायचं आयकू नका. इसरतात ते. डोकं नाई राह्यलं जाग्यावर. कालचं आज आठोत नाई. पोरगाच करते माहं समदं, पेन्शन त्यायच्या खोलीच्या भाड्यालेच जाते. काई बी बोलतात, मास्तर होते ना, बोलाची सवय हाये.”

बायांच्या नजरा गुरुजींवर आल्या आणि लगेच मऊ झाल्या. तो मऊपणा अंगावर ओलं फडकं पडावं तसा त्यांच्यावर पडला. तिनं सांगितलं त्यातलं भाड्याचं खरं होतं. मुलगा करतो तेही खरं होतं. खोटं फक्त त्यांच्या डोक्याबद्दलचं होतं, आणि गुरुजींनी स्वतः बायकोबद्दल जे सांगितलं होतं, ते तर सगळंच. डॉक्टर खुर्चीत पुढं झुकले. आवाज बदलला, लहान मुलाशी बोलतात तसा झाला. हा आवाज गुरुजींना पुरेपूर ओळखीचा होता. तो त्यांचाच होता.

“आजोबा, शिक्षक होतात ना तुम्ही? मग सांगा बरं मला, सात आठे किती?”

अख्खा वर्ग सुरात म्हणायचा. सकाळची शाळा, दोन्ही ओळी समोरासमोर, सात एके सात, पोरांची अंगं मागंपुढं झुलायची, आणि सात आठेला येईपर्यंत असा वेग यायचा की छप्पन्न म्हणताना छतावरची कबुतरं उडायची. त्यांच्या हातून गेलेलं एकही पोर असं नव्हतं की ज्याला हे झोपेत विचारलं असतं तर आलं नसतं. उत्तर जिभेवर येऊन उभं होतं. ते तिथून मागं ढकलायला किती जोर लागतो, हे त्यांना आजवर माहीत नव्हतं.

“छप्पन्न, गुरुजी,” खिडकीतून कुजबुज आली. खुशालराव ओठ हलवून, भुवया उंचावून, त्यांना उत्तर पुरवत होता. त्याच्या चेहऱ्यावर इतकी कळकळ होती की जणू त्याचंच पोर परीक्षेला उभं होतं. वर्गात मागच्या बाकावरून असं उत्तर पुरवणाऱ्याला गुरुजींनी कधी माफ केलं नव्हतं. या माणसाकडून हेही घ्यायचं? आणि घेतलं, तर गोळी गेली. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग पार्बताबाईंकडे. तिचा हात स्टुलाच्या कडेला घट्ट धरलेला होता. पायात वहाणा ढिल्या होत्या.

“चोपन्न,” गुरुजी म्हणाले.

कोणीतरी हळहळलं. खुशालरावचं डोकं खिडकीतून आत गेलं. डॉक्टरांनी आणखी काही विचारलं नाही, त्यांनी गोळ्या लिहिल्या, नेहमीच्या, पांढरी रोज आणि पिवळी एका दिवसाआड, आणि पार्बताबाईंना हळू आवाजात, पण गुरुजींना ऐकू येईल इतपतच हळू, म्हणाले, “यांना एकटं सोडू नका. तुमच्याजवळच ठेवा.”

“हो, सायेब. ठेवते ना,” ती म्हणाली.

खिडकीपाशी खुशालरावनं आज थट्टा केली नाही. पुडी तिच्या हातात देताना म्हणाला, “सांभाया गुरुजीले.” ती म्हणाली, “सांभायूनच राह्यली.” मग तिनं पिशवी खांद्याला अडकवली, गुरुजींचा दंड कोपरापाशी धरला आणि त्यांना रांगेतून बाहेर काढलं. बायांनी वाट दिली. ते तिच्या चालीनं चालू लागले.

मिलची भिंत संपेपर्यंत त्यांनी दम धरला. तिथं वळण होतं. वळणाच्या पुढं दवाखाना दिसत नाही, हे त्यांनी येतानाच पाहिलं होतं. वळण गेलं. त्यांनी मान वळवून खात्री करून घेतली; खिडकी दिसत नव्हती, खुशालराव दिसत नव्हता, रांगेतली एकही बाई मागं येत नव्हती. आता ती हात सोडेल. आता हसेल, म्हणेल, चोपन्न काय म्हनता, एवढं बी खोटं धड नाई सांगता येत का. त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ती समोर पाहत होती. तिच्या मनात काय होतं ते त्यांना वाचता येईना. एवढ्या वर्षांत तो एकच धडा आपण घेतला नाही, असं त्यांना वाटून गेलं. मनाशीच त्यांनी म्हणून पाहिलं, सात आठे, आणि छप्पन्न यायला किंचित उशीर झाला, की झाल्यासारखं वाटलं.

“सोड आता,” ते म्हणाले. “कोणी पाहत नाही.”

“गप चाला,” पार्बताबाई म्हणाली. “सामोरून बंडी येऊन राह्यली.”

कापसानं भरलेली बंडी खरंच येत होती, अर्धा रस्ता अडवून. तिनं त्यांना भिंतीकडे ओढून घेतलं. बैलांच्या घुंगरांचा आवाज कानावरून गेला, कापसाचा एक पुंजका सुटून दोघांच्या मधे तरंगत राहिला. बंडी लांब गेली. रस्ता पुन्हा मोकळा झाला, आणि तिनं हात सोडला नव्हता.